शुगर ५२ आणि पोरगी मजेत लंगडी खेळतेय! लो झाल्याचं तिला कळेनासं का झालं?

रेवाची_आई
नमस्कार मंडळी. इतकी वर्षं फक्त पाककृतींच्या धाग्यांवर वावरले, आरोग्य विभागात पहिल्यांदाच लिहितेय.

मुलगी नऊ वर्षांची आहे, पाचव्या वर्षापासून टाइप वन मधुमेह. पेननं तीन वेळा जेवणाआधीचं इन्सुलिन आणि रात्री एकदा लांब पल्ल्याचं. आधी शुगर ६५-६८ ला आली की तीच सांगत यायची, "आई, पाय लटलट कापतायत." कपाळावर घाम, ओठ पांढरे, आणि बोलाल त्याला उलटं उत्तर. नुसतं चिडचिडेपण बघूनही मी मशीन काढायचे.

आता तसं काहीच होत नाही. परवा संध्याकाळी गच्चीवर लंगडी चालू होती. वेळ झाली म्हणून बोट टोचलं तर ५२. हात धुऊन दुसरं बोट टोचलं तर ५४. बाईसाहेबांचं म्हणणं, "मला काही होत नाहीये, सोड, मी आउट होईन." सासूबाई म्हणतात, बरंच झालं की, अंगवळणी पडलं पोरीच्या. माझ्या मात्र पोटात गोळा आला.

हे चांगलं लक्षण की वाईट? डॉक्टरांची वेळ पुढच्या आठवड्यात आहे. मागच्या वेळी ते "काउंटर रेग्युलेटरी हार्मोन्स" असं काहीतरी म्हणाले होते, पण बाहेर एवढी गर्दी होती की नीट विचारता आलं नाही. आम्ही जुळे सोलापुरात असतो. इथं कुणाला असा अनुभव आहे का?

होटगीरोड_हिरो
शुगर ५२ आणि भीती कसली, तर आउट व्हायची. पोरगी अस्सल सोलापूरची हाय बगा ताई.
जोक बाजूला. चुलतभावाच्या पोराला पण टाइप वन हाय, म्हणून वाचलालोय. जाणकारांनी लिवा.

शुगरवाला
ताई, सासूबाईंचा मान राखून सांगतो, अंगवळणी पडणं इथं अजिबात चांगलं नाही. मला अकराव्या वर्षी टाइप वन झाला, आता नोकरी करतो. शाळेत असताना मला पण लो चटकन कळायचं. कॉलेजात गेल्यावर कळणं बंद झालं आणि मला वाटलं, आपण दणकट झालो.

एकदा सात रस्त्याला सिग्नलवर गाडी थांबवली. हिरवा लागला, मी बघतोय की हिरवा लागलाय, पण गाडी पुढं घ्यायची असते हे डोक्यातच येईना. परत लाल झाला, परत हिरवा झाला. मागचे हॉर्न मारून शिव्या घालून निघून गेले. मागं बसलेल्या मित्राला वाटलं, मी दुपारीच लावून आलोय. त्यानं किल्ली काढून घेतली, बाजूच्या टपरीवर उसाचा रस पाजला, आणि दहा-पंधरा मिनिटांनी मी त्याला विचारतोय, "आपण इथं का थांबलोय बे?"

त्या दिवशी ना घाम आला होता, ना हात थरथरले होते. थेट डोकंच बंद.

अनुस्वार
रेवाची आई, शरीरक्रियाशास्त्र शिकवण्यात माझी हयात गेली, त्यामुळे जरा लांबण लागेल. डोस किती, हे तुमचे डॉक्टरच ठरवतील. आत काय चालतं तेवढं मी सांगते.

निरोगी माणसाची शुगर उतरायला लागली की स्वादुपिंड सगळ्यात आधी इन्सुलिन सोडणं आवरतं घेतं. हे ८०-८५ च्या आसपासच सुरू होतं, माणसाला पत्ताही नसतो. आणखी खाली, साधारण ६५-७० ला, ग्लुकागॉन आणि ॲड्रिनलिन ही हार्मोन्स वाढतात. ग्लुकागॉन यकृताला साठवलेलं ग्लायकोजेन (साखरेचा साठा) फोडून साखर रक्तात सोडायला लावतं. ॲड्रिनलिन तेही करतं आणि स्नायूंचा साखरेचा वापरही कमी करतं. कॉर्टिसॉल आणि ग्रोथ हार्मोनसुद्धा वाढतात, पण त्यांचा परिणाम दिसायला तास जातात. अचानक झालेल्या लोमध्ये त्यांचा लगेच उपयोग नाही. तुमच्या डॉक्टरांचे काउंटर रेग्युलेटरी हार्मोन्स म्हणजे हीच, शुगर परत वर आणणारी.

घाम, थरथर, धडधड, कडकडून भूक ही लक्षणं सिम्पथेटिक चेतासंस्थेची आणि ॲड्रिनलिनची. ५० च्या आसपास मेंदूलाच साखर कमी पडू लागते, तेव्हाची लक्षणं निराळी. बोलणं अडखळतं, गोंधळ होतो, झोप येते. शुगरवाला यांचं सिग्नलचं वर्णन नेमकं त्याच टप्प्यातलं आहे.

टाइप वनमध्ये पहिला बंदोबस्त तर नसतोच. इन्सुलिन बाहेरून टोचलेलं असतं, शुगर उतरली म्हणून ते थांबत नाही. दुसरा म्हणजे ग्लुकागॉन. निदानानंतर काही वर्षांत, कित्येकदा पहिल्या पाच वर्षांतच, लो शुगर झाली तरी ग्लुकागॉन पुरेसं वाढेनासं होतं. मग भिस्त उरते एकट्या ॲड्रिनलिनवर. आणि वारंवार लो होत राहिलं की ॲड्रिनलिन सुटायची पातळीही खाली खाली सरकते. आधी जे ६५ ला सुटायचं ते ५० ला सुटतं, आणि तेही थोडंसंच. तोवर मेंदूची गडबड सुरू झालेली असते.

सासूबाई अर्ध्या बरोबर आहेत. शरीराला सवय झालीय हे खरं. पण ती सवय धोक्याची आहे.

माग_आणि_मी
अनुस्वार मॅडम, आमच्या घरात तीन पिढ्या माग चालवले, त्यामुळे मला हे असं कळलं. मागावर आडवा धागा तुटला की माग आपोआप थांबतो. टोचलेलं इन्सुलिन म्हणजे ती सोय काढून टाकलेला माग. धागा असो नसो, ठकाठक चालूच. बरोबर का?

अनुस्वार
अगदी बरोबर. वर्गात असते तर तुमचं उदाहरण चोरलं असतं.

कडक_भाकरी
माझं मेडिकल स्टोअर आहे, पण ही शंका बापाच्या नात्यानं. टाइप वनमध्ये मरतात त्या इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशी. ग्लुकागॉन बनवणाऱ्या अल्फा पेशी तर शाबूत असतात ना? मग त्या संपावर का जातात?

अनुस्वार
चांगला प्रश्न. अल्फा पेशी जिवंत असतात, ग्लुकागॉन बनवतातही. जेवणात प्रथिनं आली किंवा व्यायाम केला तर सोडतात. फक्त लो शुगरला उत्तर देत नाहीत. याचं बऱ्यापैकी पटणारं कारण असं, की शेजारच्या बीटा पेशींचं इन्सुलिन अचानक कमी होणं हाच अल्फा पेशींना इशारा असतो. बीटा पेशीच गेल्या तर इशारा द्यायला कुणी उरत नाही. म्हणूनच निदानानंतरच्या हनिमून काळात, थोड्या बीटा पेशी शिल्लक असताना, मुलं लोमधून जरा सहज सावरतात.

वनौषधी
रोज सकाळी अनशापोटी कारलं-जांभूळ रस. दोन महिन्यांत इन्सुलिन बंद. माझ्या मामेसासऱ्यांचं झालं.

शुगरवाला
मामेसासऱ्यांना टाइप टू असणार. टाइप वनच्या पोराचं इन्सुलिन बंद केलं तर काही दिवसांत रक्तात कीटोन (आम्ल) वाढून आयसीयू. आणि हा धागा शुगर *कमी* होण्यावर आहे हो, कारलं पाजून आणखी कमी करायची का?

संपादक_मंडळ
इन्सुलिन बंद करण्याचे सल्ले या धाग्यावर नकोत. पुढचा असा प्रतिसाद उडवला जाईल. मूळ विषयावर या.

सातरस्ता
मी वेगळं मत मांडतो, चालेल का बघा. माझा मुलगा सात वर्षांचा. एकदा पहाटे त्याला झटका आला होता. तो प्रसंग मी परत बघू शकत नाही. तेव्हापासून आम्ही त्याला १८० ते २५० मध्येच ठेवतो. एचबीए१सी (तीन महिन्यांच्या सरासरी शुगरचा आकडा) जास्त येतो, डॉक्टर रागावतात, येऊ दे. लो नाही म्हणजे नाही. डोळे-किडनीचं वीस वर्षांनी बघू, आधी पोरगं जिवंत पाहिजे.

पुणेकर_सून
सातरस्ता दादा, ज्यानं झटका बघितलाय त्याला कुणी काही शिकवू नये. पण एक विचारते. तुमचा मुलगा १०० ते ११० ला पण "कसंतरी होतंय" म्हणतो का? माझा म्हणायचा. आम्हाला वाटायचं बिस्किटासाठी सोंग करतोय.

सातरस्ता
हो! तंतोतंत. १०५ ला थरथरतो. मशीन बिघडलं म्हणून नवीन आणलं.

अनुस्वार
मशीनही बरोबर आणि मुलगाही. मोठ्यांपेक्षा मुलांमध्ये ॲड्रिनलिन मुळातच वरच्या पातळीला सुटतं आणि जास्त सुटतं. त्यात शुगर महिनोन् महिने चढी राहिली तर ती पातळी आणखी वर सरकते, मग १०५ सुद्धा शरीराला लो वाटतं. रेवाची पातळी खाली सरकलीय, तुमच्या मुलाची वर. वाईट वाटून घेऊ नका, पण २०० वर ठेवलं म्हणजे सुरक्षित, हा हिशेब पुरता बरोबर नाही. मूल त्या थरथरीला घाबरून सारखं खातं, शुगर आणखी चढते. सर्वसाधारण उद्दिष्ट ७० ते १८० असतं, पण तिथवर हळूहळू आणायचं.

सातरस्ता
पटतंय, पण रात्रीचं काय? दिवसा मी बघेन हो. रात्री दीड वाजता कोण बघणार?

नवीपेठ_नाना
रात्रीवरून आठवलं. यंदा गड्ड्याच्या जत्रेच्या वेळी आमचा नातू (बारा वर्षे, टाइप वन) हट्टानं नंदीध्वजांबरोबर चालला. अडुसष्ट लिंगांचा तैलाभिषेक म्हणजे काय चाल असते ते सोलापूरकरांना सांगायला नको. पांढरी बाराबंदी घालून पठ्ठ्या दिवसभर चालला. मधे मधे तपासलं, शुगर उत्तम. रात्री घरी १४०. भाकरी, गरगट्टा खाऊन झोपला. रात्री अडीचला सुनेला सहज जाग आली, बघते तर अंथरूण घामानं भिजलेलं आणि हा हाक मारली तर उठेना. शुगर ३८. नशिबानं गिळता येत होतं, ग्लुकोजचं पाणी थोडं थोडं पाजलं.
चालताना काही झालं नाही आणि दहा-बारा तासांनी कसं झालं, हे आजवर उमगलेलं नाही.

होटगीरोड_हिरो
नाना, गरगट्टा म्हणाला आणि हितं भूक लागली. ही पण ॲड्रिनलिनची भूक काय?

नवीपेठ_नाना
नाही, ती सोलापूरची भूक. तिला औषध नाही.

अनुस्वार
नाना, त्यात दोन गोष्टी एकत्र आल्या. दिवसभर चालताना स्नायूंनी स्वतःचं ग्लायकोजेन वापरलं. ते भरून काढायला ते रात्रभर रक्तातली साखर ओढत राहतात, शिवाय इन्सुलिनही जास्त लागू पडतं. म्हणून दुपारच्या व्यायामाचा लो मध्यरात्रीनंतर येतो.

दुसरी गोष्ट झोपेची. १९९८ साली अमेरिकेत किशोरवयीन मुलांवर झालेला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात मुलं गाढ झोपेत असताना शुगर उतरवली तर ॲड्रिनलिन जवळजवळ वाढलंच नाही. टाइप वनच्या मुलांचंही नाही आणि निरोगी मुलांचंही नाही. त्यामुळे "लो झालं तर जाग येईलच" यावर विसंबू नये. नातवाला घाम आला होता म्हणजे काहीतरी सुटलं होतं, पण त्यानं जाग आली नाही.

आणि आदल्या दिवशीचा दणदणीत व्यायामही दुसऱ्या दिवशीच्या लोला ॲड्रिनलिनचं उत्तर मंद करतो. जत्रेच्या काळात दोन-तीन दिवस सलग जागता पहारा ठेवायचा तो यासाठी. लांब पल्ल्याचा डोस त्या रात्री किती कमी करायचा, हे डॉक्टरांना जत्रेच्या *आधी* विचारून ठेवावं.

कारंबानाका
मग आमचं उलटं का? रात्री ११ ला १३०, सकाळी उठल्यावर २८०. आमचे डॉक्टर म्हणाले रात्री लो होऊन शुगर उसळी मारते, म्हणून रात्रीचं इन्सुलिन कमी केलं. आता सकाळी ३२० येते.

अनुस्वार
ही कल्पना मायकेल सोमोजी या शास्त्रज्ञानं १९३० च्या दशकात मांडली, आणि ऐकायला इतकी तर्कशुद्ध आहे की अजून सांगितली जाते. पण रात्रभर अंगावर शुगर मोजणारा सेन्सर लावून बघितल्यावर बहुतेक मुलांमध्ये उलटंच दिसलं. रात्री लो झालेलं असेल तर सकाळची शुगर साधारण कमीच निघते. सकाळी चढण्याचं नेहमीचं कारण म्हणजे पहाटे वाढणारं ग्रोथ हार्मोन आणि कमी पडलेलं इन्सुलिन. वयात येणाऱ्या मुलांत ते जास्तच. दोन-तीन रात्री तीन वाजता उठून मोजा आणि ते आकडे डॉक्टरांपुढे ठेवा. भांडायची गरज पडणार नाही, आकडेच बोलतील.

खडूफळा
मी शिक्षक आहे. वर्गात एक मुलगी होती, गणिताच्या तासाला टक लावून बघत बसायची, प्रश्न विचारला की रडायची. सगळे म्हणायचे गणिताला घाबरते. आईनं येऊन सांगितल्यावर कळलं. तेव्हापासून माझ्या टेबलाच्या खणात ग्लुकोजचा डबा असतो. तिच्या आधीच्या शाळेत म्हणे वर्गात खाल्लं म्हणून उभं केलं होतं.
पालकांनी वर्षाच्या सुरुवातीलाच लेखी द्यावं. सीबीएसईनं तर २०१७ सालीच बोर्डाच्या परीक्षेत टाइप वनच्या मुलांना खाऊ जवळ ठेवायची मुभा दिलीय.
एक शंका. मी तिला चॉकलेट देत होतो ते चाललं का?

कडक_भाकरी
सर, चॉकलेटमध्ये चरबी असते, त्यामुळे साखर रक्तात उतरायला उशीर लागतो. ग्लुकोज पावडर किंवा साधी साखर पाण्यातून. मुलांना वजनाच्या किलोमागे साधारण ०.३ ग्रॅम, म्हणजे २५ किलोच्या मुलाला सात-आठ ग्रॅम, चहाचे दोन सपाट चमचे. पंधरा मिनिटांनी परत मोजायचं, ७० च्या खालीच असेल तर परत द्यायचं. गिऱ्हाईकं अर्धा डबा ओततात आणि मग ३५० आली म्हणून रडतात.
आणि पोर शुद्धीत नसेल, झटका येत असेल तर तोंडात पाणी-सरबत ओतायचं नाही. कुशीवर वळवा आणि थेट दवाखाना गाठा. घरात ग्लुकागॉनचं इंजेक्शन असेल तर ते द्या. २५ किलोच्या आत अर्धा मिलिग्रॅम, त्यावर एक.

माग_आणि_मी
शेंगाची चटणी-भाकरी चालेल का लोला? आमची अव्वा तेच देते.

कडक_भाकरी
लो उतरल्यावर खुशाल. लोच्या *वेळी* नको, शेंगदाण्यात तेल. अव्वाला सांगा, आधी साखर, मग चटणी.

शुगरवाला
मूळ प्रश्न मागं पडला. ताई, जे हरवलंय ते परत येतं, हे कुणी सांगितलंच नाही! अमेरिकेतले डॉ. फिलिप क्रायर यांनी हे दुष्टचक्र नीट मांडलं: लो झालं की पुढच्या लोची जाणीव बोथट होते, जाणीव बोथट झाली की आणखी लो होतात. पण लो होणं काटेकोरपणे टाळलं तर दोन-तीन आठवड्यांतच जाणीव परतायला लागते. त्या काळात माझ्या डॉक्टरांनी माझं लक्ष्य मुद्दाम थोडं वर धरलं होतं. सातरस्ता दादांसारखं कायमचं २०० नाही, ठरावीक काळापुरतं. मला आता ६० च्या घरात ओठांना मुंग्या येतात. जुनी थरथर परत आली नाही, पण मुंग्या पुरतात.

रेवाची_आई
सगळ्यांचे खूप खूप आभार. अनुस्वार मॅडम, तुमचे प्रतिसाद छापून डॉक्टरांकडे नेले, ते हसले आणि म्हणाले, सगळं बरोबर आहे, आता माझी फी त्यांना द्या.

वही काढून बसलो तर दिसलं, की दिवाळीनंतर कथक सुरू झालं तेव्हापासून क्लासच्या दिवशी संध्याकाळी हमखास ६० च्या खाली. तिला काही जाणवत नव्हतं म्हणून आम्ही ग्लुकोज देऊन पुढं जायचो, वहीत आकडा तेवढा टिपलेला. डॉक्टरांनी क्लासच्या दिवसांचा दुपारचा डोस कमी केलाय, क्लासला जाताना शुगर १२० च्या वर हवी म्हणालेत, आणि काही आठवडे एकही लो नको असं बजावलंय. सेन्सरही लावलाय, ८० ला वाजतो. रक्ततपासणीत कॉर्टिसॉल, थायरॉइड आणि सिलियाकची चाचणी पण लिहून दिलीय. कॉर्टिसॉल कशासाठी ते कळलं नाही.

अनुस्वार
टाइप वनसोबत कधी कधी इतर ग्रंथींचे ऑटोइम्यून आजार (शरीर स्वतःवरच हल्ला करतं असे) येतात. ॲड्रिनल ग्रंथी मंदावली तर कॉर्टिसॉल कमी पडतं आणि कारण नसताना लो वाढतात, इन्सुलिनची गरजही घटते. सिलियाकमध्ये अन्न नीट शोषलं जात नाही म्हणून लो होतात. रेवाचं कारण कथकच दिसतंय, पण तपासून मोकळं व्हायचं. डॉक्टर हुशार आहेत.

सातरस्ता
ताई, सेन्सर रात्री फसवत नाही ना? आमच्या ओळखीत एकाचा रोज रात्री ५० दाखवून वाजतो आणि बोटावर ११० येते.

शुगरवाला
पोर त्या दंडावर झोपत असेल. सेन्सर दाबला गेला की खोटा लो दाखवतो. वाजला की कूस बदलवा, बोट टोचून खात्री करा. आणि शुगर भराभर उतरत असेल तेव्हा सेन्सर रक्ताच्या काही मिनिटं मागं असतो, तेही ध्यानात ठेवा.

सातरस्ता
बरं. आम्ही पण लावतो. १८० वर ठेवायचं हळूहळू कमी करू, बायकोशी बोललोय. तिचं म्हणणं आधी सेन्सर, मग बाकीचं.

पुणेकर_सून
वहिनींचं बरोबर आहे.

रेवाची_आई
कडक_भाकरी दादा, ग्लुकागॉन मिळेल का तुमच्याकडे? इथली तीन मेडिकल पालथी घातली, एकानं तर ग्लुकोमीटरच काढून दाखवलं.

कडक_भाकरी
ठेवत नाही ताई, खप नाही आणि मुदत संपून वाया जातं. पुण्याहून मागवून देतो, दोन-चार दिवस धरा. सातरस्ता दादा, नाना, तुम्हाला हवं असेल तर आत्ताच सांगा, एकदमच मागवतो. डॉक्टरांची चिठ्ठी लागेल, चिठ्ठीशिवाय देणार नाही. आणि नेताना थंड पिशवी आणा, आपल्याकडच्या उन्हात ते गाडीच्या डिकीत ठेवून गावभर फिरायची वस्तू नाही.

नवीपेठ_नाना
माझं एक धरा. चिठ्ठी सून घेऊन येईल.

होटगीरोड_हिरो
भावाच्या पोरासाठी पण एक धरा. चिठ्ठी उद्या आणतो. पिशवी नाना देतील.